माइंडसेट हा शब्द वापरायचा कसा: मराठी मीडियमवाल्यांसाठी

मी मराठी मीडियमचा. पहिल्या इंटरव्ह्यूला समोरच्या मॅडमनी सहज विचारलं की तुम्ही जरा गप्प गप्प वाटताय, सगळं ठीक ना, तर मी ताठ बसून सांगितलं, "येस मॅडम, बट टुडे माय माइंडसेट इज नॉट गुड." मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला म्हणायचं होतं की आज मूड नाहीये, लोकलच्या गर्दीत शर्टाचं बटण तुटलं होतं आणि सगळं लक्ष तिथेच होतं. त्यांना ऐकू आलं की या मुलाची विचार करायची पद्धतच बिघडलीये आणि तो ते स्वतः कबूल करतोय. नोकरी मिळाली नाही. (एक्सेलही येत नव्हतं, त्यामुळे सगळा दोष त्या एका शब्दावर टाकत नाही.)

आता माझं कामच ट्रेनिंगचं मटेरियल इंग्रजीतून मराठीत आणायचं आहे आणि हा शब्द त्यात पानोपानी भेटतो. नोकरीच्या जाहिरातीत असतो, क्रिकेटच्या कॉमेंट्रीत असतो, सकाळी सकाळी येणाऱ्या सूर्योदयाच्या फोटोवर तर हमखास असतो. नवीन आलेली मुलं अर्थ विचारतात, मी 'मानसिकता' असं सांगतो, ती मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी परत चुकतात, कारण अडचण अर्थाची नाहीच्चे, वापराची आहे. म्हणून एकदा क्रमाने लिहून काढतो.

पायरी १: आधी 'सेट'कडे बघा

माइंड म्हणजे मन हे सगळ्यांना येतं. गोम 'सेट'मध्ये आहे. आपण म्हणतो ना, प्लॅस्टर सेट झालं, आता हात लावू नको. दही लागलं की भांडं हलवायचं नाही. तसं मन एखाद्या वळणावर लागलंय, थिजलंय, आता ते त्याच आकारात राहणार, हा त्या शब्दाचा गाभा. म्हणजे क्षणभराची भावना नाही, सवयीने बसलेली घडी.

हा शब्द फार जुना नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिक्षण आणि मानसशास्त्राच्या लिखाणात तो दिसायला लागला. त्याच अर्थाच्या आसपासचा एक जर्मन शब्द मानसशास्त्रवाले वापरतात, आइनश्टेलुंग. जर्मन भाषेत मोबाइल लावलात तर 'सेटिंग्ज'च्या जागी याच शब्दाचं अनेकवचन दिसेल. (आपल्याकडे 'सेटिंग' म्हणजे वेगळंच काहीतरी, ते सोडा.) तर मनाचं सेटिंग, आधीच लावून ठेवलेलं.

हे सेटिंग कसं लागतं ते अब्राहम लुचिन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली छापलेल्या प्रयोगातून फार छान कळतं, आणि तो तुम्ही आत्ता कागद घेऊन करू शकता. तीन भांडी आहेत, त्यात २१, १२७ आणि ३ माप पाणी मावतं. तुम्हाला बरोबर १०० माप पाणी हवंय. काय कराल? मोठं भांडं भरायचं, त्यातून २१ चं एकदा आणि ३ चं दोनदा भरून काढायचं, १२७ मधून २१ गेले १०६, त्यातून ३ आणि ३ गेले की १००. मग अशीच अजून काही गणितं येतात, आकडे वेगळे पण युक्ती तीच, मधल्यातून पहिलं एकदा काढा, तिसरं दोनदा काढा. चार-पाच गणितांनंतर हात आपोआप चालायला लागतो. मग येतं हे: भांडी २३, ४९ आणि ३ ची, पाहिजेत २० माप.

थांबा, करून बघा आणि मग पुढे वाचा.

४९ मधून २३ गेले २६, त्यातून ६ गेले २०. बरोबर आहे उत्तर. पण २३ मधून ३ काढले तरी २० च येतात की! ज्यांनी आधीची गणितं केली होती त्यातल्या बहुतेकांनी लांबचाच रस्ता धरला, आणि ज्यांना हे गणित थेट दिलं त्यांना जवळचा रस्ता चटकन दिसला. लुचिन्सने काही जणांना मधेच कागदावर 'आंधळेपणा करू नका' अशा अर्थाचं वाक्य लिहायला लावलं, तर त्यातल्या बऱ्याच जणांना सोपी वाट सापडली.

मला हे उदाहरण आवडतं कारण यात कोणी आळशी नाही, मठ्ठ नाही, वाईट नाही. उलट युक्ती शिकली म्हणूनच अडकले. माइंडसेट हा शब्द वापरताना हे डोक्यात ठेवा, तो शिवी नाहीये. पूर्वीच्या अनुभवाने पडलेलं वळण, एवढंच.

पायरी २: 'नेहमी' लावून बघा

ही माझी घरगुती चाचणी. वाक्यात 'नेहमी' किंवा 'सवयीने' घालून बघा. बसलं तर माइंडसेट चालेल. 'आज', 'आत्ता', 'सकाळपासून' असलं काही बसत असेल तर मूड म्हणा, मनःस्थिती म्हणा, माइंडसेट नको. माझं इंटरव्ह्यूचं वाक्य इथेच आपटलं, 'टुडे' आणि 'माइंडसेट' एकाच ताटात.

याला एक अपवाद आहे, खेळाडू बोलतात ते. "आजच्या मॅचला आमचा माइंडसेट अटॅकिंग होता" हे चालतं, कारण तिथे मूड नाही तर ठरवून, सराव करून उतरवलेली विचाराची दिशा असते. म्हणजे 'आज' असलं तरी मागे तयारी आहे. नवीन असाल तर या अपवादाच्या नादी लागू नका, आधी नियम हाताला बसू दे.

पायरी ३: शेजारपाजार ओळखा

इथे जास्त वेळ घालवा, कारण नव्वद टक्के घोळ (हा आकडा माझा, कुठल्या सर्व्हेचा नाही) शेजारच्या शब्दांमुळे होतो.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे अ‍ॅटिट्यूड. आपल्याकडे "त्याला लय अ‍ॅटिट्यूड आहे" म्हणजे त्याला माज आहे. इंग्रजीतही बोलीत हा अर्थ आहे, तो आपण काही हवेतून काढलेला नाही, पण ऑफिसच्या इंग्रजीत अ‍ॅटिट्यूड हा साधा, बिनवासाचा शब्द आहे. रिपोर्टमध्ये बॉसने 'गुड अ‍ॅटिट्यूड' लिहिलं तर ते कौतुक आहे, चिडू नका. या शब्दाची कहाणी मजेशीर आहे: तो इंग्रजीत सतराव्या शतकात चित्रकला-शिल्पकलेतून आला, फ्रेंचमधून आणि त्याआधी इटालियनमधून, आणि अर्थ होता मूर्तीची उभं राहायची ढब. शरीराचा पोझ. पुढे शरीरावरून तो मनाच्या ढबीवर गेला. विमानवाले अजूनही तो शरीराच्याच अर्थाने वापरतात, विमानाचं नाक वर आहे की खाली, पंख कुठल्या बाजूला कललाय, याला ते अ‍ॅटिट्यूड म्हणतात.

आणि मराठीत अगदी हाच प्रवास 'पवित्रा' या शब्दाने केलाय. पवित्रा म्हणजे कुस्तीत, दांडपट्ट्यात पाय रोवून घेतलेली ढब. आज पेपरात रोज येतं, "संघटनेने आक्रमक पवित्रा घेतला". पट्टा राहिला बाजूला, मनाची ढब उरली. म्हणून एखाद्या विषयावर, एखाद्या माणसाबद्दल कोणी कसा उभा आहे हे सांगायचं असेल तर अ‍ॅटिट्यूड, आणि एकूण आयुष्याकडे बघायचं वळण सांगायचं असेल तर माइंडसेट. "कस्टमरशी त्याचा अ‍ॅटिट्यूड चांगला नाही" हे एका नात्याबद्दल झालं. "त्याचा माइंडसेट नोकरदाराचा आहे" हे अख्ख्या विचाराबद्दल झालं. सीमारेषा पुसट आहे, इंग्रजीवालेही कधी इकडचं तिकडे करतात, त्यामुळे इथे चुकलात तर कोणी फाशी देत नाही.

मेंटॅलिटी या शब्दाला मात्र जपून. डिक्शनरीत मानसिकता असाच अर्थ दिसेल, पण इंग्रजीत तो बरेचदा नाक मुरडून वापरतात, कळपाची मेंटॅलिटी, आपण कायम बिचारे अशी व्हिक्टिम मेंटॅलिटी, सगळे आपल्यावर चालून येतायत असं वाटणारी सीज मेंटॅलिटी. मुलाखतीत "आय हॅव अ गुड मेंटॅलिटी" म्हणू नका, कानाला खटकतं. तिथे माइंडसेट.

बाकी पटकन: ओपिनियन म्हणजे मत, ते एका चहात बदलू शकतं. टेम्परामेंट म्हणजे स्वभाव, जन्मजात बाजू जास्त. पर्स्पेक्टिव्ह म्हणजे कुठून बघताय ती जागा.

पायरी ४: इंग्रजी वाक्यात बसवा

तो नाम आहे, क्रियापद नाही. "आय माइंडसेट टू डू इट" असं काही नसतं. मोजता येतो, म्हणून एकटा उभा करू नका, आधी 'अ', 'द', 'माय', 'हिज' काहीतरी बहुतेक वेळा लागतं. "शी हॅज पॉझिटिव्ह माइंडसेट" ही आपली ठरलेली चूक, मराठीत 'अ' नाही म्हणून तो आपल्याला दिसतच नाही. "शी हॅज अ पॉझिटिव्ह माइंडसेट." अनेकवचन माइंडसेट्स. स्पेलिंग हल्ली जोडून एकच शब्द, जुन्या पुस्तकात मधे छोटी रेघ दिसेल, तेही चूक नाही.

बदलाबद्दल बोलायचं तर "अ चेंज ऑफ माइंडसेट", "अ शिफ्ट इन माइंडसेट". विशेषण आधी येतं: स्टार्टअप माइंडसेट, लर्निंग माइंडसेट, पैसा मुठीत धरून बसणाऱ्याचा स्केअर्सिटी माइंडसेट.

आणि एक सापळा. निर्णय घेतला हे सांगायला हा शब्द वापरू नका. "मी ठरवलंय" म्हणजे "आय हॅव मेड अप माय माइंड". "मन लावलंय, करूनच दाखवणार" म्हणजे "आय हॅव सेट माय माइंड ऑन इट". माइंड आहे, सेटही आहे, पण ते वेगळे उभे आहेत आणि तिथे ती कृती आहे, जोडून लिहिलं की ते वळण होतं.

पायरी ५: मराठीत आणताना घाई करू नका

मराठीत लिहिताना पहिला प्रश्न, शब्द तसाच ठेवायचा का? ठेवा, काही बिघडत नाही. तो पुल्लिंगी बसलाय, माझा माइंडसेट, तिचा माइंडसेट, बहुधा टीव्हीचा सेट पुल्लिंगी होता म्हणून. पण तो अजून पाहुणाच आहे हे एका गोष्टीवरून ओळखू येतं. टेबल, बँक हे शब्द घरचे झाले म्हणून आपण 'टेबलावर', 'बँकेत' म्हणतो, त्यांचं सामान्यरूप होतं. 'माइंडसेटात' म्हणून बघा, हसू येईल. माइंडसेटमध्ये, माइंडसेटमुळे, असंच म्हणावं लागतं. अजून पायातल्या चपला काढलेल्या नाहीत त्याने.

मराठी शब्द हवा असेल तर एकच ठोकळा सगळीकडे मारू नका. 'मानसिकता' वापरताना भान ठेवा की बातम्यांच्या मराठीत तिचा अर्थ सरकलाय, "पक्ष युती करण्याच्या मानसिकतेत नाही" म्हणजे तयारी नाही, इच्छा नाही. माइंडसेटपेक्षा हे मूडच्या जवळ गेलं! 'वृत्ती' मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तो मुळातच सवयीचा शब्द आहे: खिलाडूवृत्ती, संशयी वृत्ती, धरसोड वृत्ती, कारकुनी वृत्ती. त्यात वळणही आहे आणि टिकाऊपणाही. 'दृष्टिकोन' बघण्याबद्दल असेल तिथे. 'धारणा' मनात पक्कं बसलेलं काही मानण्याबद्दल असेल तिथे.

आणि पुष्कळदा नामच नको असतं. एका मटेरियलमध्ये वाक्य होतं, कामगारांमध्ये सेफ्टीचा माइंडसेट निर्माण करणे. मी आधी 'सुरक्षिततेची मानसिकता रुजवणे' असं भारदस्त लिहिलं, आणि ज्यांच्यासाठी होतं त्या शॉपफ्लोअरवरच्या एका काकांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "म्हणजे काय करायचं?" मग लिहिलं, 'हेल्मेट न सांगता डोक्यावर गेलं पाहिजे.' काका म्हणाले, "हां, मग असं बोला ना." वळण हे सवयीत दिसतं, सवय क्रियापदात दिसते, त्यामुळे क्रियापद शोधा.

म्हणींमध्येही तयार माल पडलाय. सगळं नशिबावर सोडून बसणाऱ्याचा माइंडसेट सांगायला 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' यापेक्षा नेमकं काय लिहिणार तुम्ही.

पायरी ६: 'ग्रोथ माइंडसेट' भेटला तर

भेटणारच. हा प्रकार अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचा, २००६ च्या त्यांच्या पुस्तकाने तो घराघरात गेला. दोन टोकं आहेत. फिक्स्ड म्हणजे अक्कल जन्मतः मिळते तेवढीच. ग्रोथ म्हणजे मेहनत, चांगली पद्धत आणि दुसऱ्याची मदत यांनी ती वाढते. आपल्याकडच्या भाषेत फिक्स्ड माइंडसेट हवा असेल तर कुठल्याही बारशाला जा, "गणित आमच्या घराण्यातच नाही हो" किंवा "मराठी माणसाच्या रक्तात धंदा नाही" हे ऐकल्याशिवाय पेढा मिळत नाही. (लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर कारखाना आणि त्याभोवती किर्लोस्करवाडी उभी केली, ती नक्की कोणाच्या रक्ताने मग.)

ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर यांचा १९९८ चा एक अभ्यास आईबापांनी तरी माहीत करून घ्यावा. पाचवीच्या मुलांनी कोडी सोडवली, मग काहींना 'हुशार आहेस' म्हणून शाबासकी दिली आणि काहींना 'मेहनत घेतलीस' म्हणून. हुशार म्हटलेली मुलं पुढे सोप्या कामाकडे झुकली, अवघड कोडी आल्यावर ढेपाळली. मेहनतवाली टिकून राहिली. लक्षात घ्या, दोन्हीकडे कौतुकच होतं.

पण याला जादूची कांडी समजू नका. २०१९ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, साधारण बारा हजार नववीच्या मुलांमध्ये, तासाभरापेक्षा कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याने मागे पडलेल्या मुलांचे ग्रेड सरासरी ०.१ पॉइंटने वाढले, म्हणजे फायदा आहे पण चिमूटभर. खुद्द ड्वेक यांनीही तक्रार केलीये की लोक नुसतं "छान प्रयत्न" म्हणतात आणि त्यालाच ग्रोथ माइंडसेट समजतात.

भाषांतराला 'वाढीची मानसिकता' असं लिहिलेलं मी पाहिलंय. वाचून मला पंगतीत कोणीतरी भात वाढतंय असंच वाटतं. 'शिकत राहायची वृत्ती' हे जास्त जवळचं. आणि ड्वेक यांचा तो प्रसिद्ध 'येट', म्हणजे "मला जमत नाही" ऐवजी "मला अजून जमत नाही" म्हणा हा सल्ला, तो मराठीत आणताना एक खड्डा आहे: आपला 'अजून' टोमणाही असतो. मुलाने स्वतःहून "मला अजून जमत नाहीये" म्हटलं तर उमेद. बाबांनी भुवया उंचावून "अजून जमत नाही तुला?" म्हटलं की संपलं. शब्द तोच. म्हणून मी मटेरियलमध्ये 'अजून' ऐवजी "जमेल, वेळ लागेल" असं लिहितो.

पायरी ७: कुठे वापरायचा नाही

दुसऱ्याची अडचण झटकायला. पगार वेळेवर होत नाही आणि मॅनेजर म्हणतो माइंडसेट बदला, तर तिथे बदलायचा आहे तो पगाराचा दिवस. एसटी येत नसलेल्या गावातल्या मुलीला कॉलेज सुटलं तर ते तिच्या घरच्यांच्या मानसिकतेमुळेच, हे शहरात बसून ठरवू नका, एसटीचं टाइमटेबल आधी बघा. आणि अख्ख्या जातीला, गावाला, राज्याला एक माइंडसेट लावून मोकळं होणं हा तर आपला राष्ट्रीय खेळ आहे, तो खेळू नका.

आता सराव

"मी दुबईला जायचा माइंडसेट केलाय." चूक, हा निर्णय आहे. आय हॅव मेड अप माय माइंड.

"त्या नवीन पोरीला फार माइंडसेट आहे." हे माजाबद्दल असेल तर अ‍ॅटिट्यूड, आणि आधी खात्री करा की माज आहे की नुसती बुजलीये.

"गिऱ्हाइकाकडे बघायचा आमच्या दुकानाचा माइंडसेट बदलायला हवा." बरोबर, 'नेहमी' बसतं. मराठीत, गिऱ्हाइकाकडे बघायची आमची नजर बदलायला हवी.

"आज पावसामुळे माझा माइंडसेट भजी खायचा आहे." काय चुकलं ते तुम्हीच सांगा, मी कांदा चिरतो.

"कीप पॉझिटिव्ह माइंडसेट." सगळं बरोबर वाटतंय ना? 'अ' राहिला.